डँडेलियन टी: क्रिएटिनिन आणि लिव्हरसाठी प्यायच्या आधी एवढं वाचा

"क्रिएटिनिन वाढलंय? हा चहा प्या." "फॅटी लिव्हर? रोज सकाळी उपाशीपोटी एक कप." पिवळ्या फुलाचा फोटो, खाली डँडेलियन टी असं लिहिलेलं, आणि शेवटी दहा जणांना पाठवा. हा मेसेज तुमच्या सोसायटीच्या किंवा टेकडीवर फिरायला जाणाऱ्यांच्या ग्रुपवर आला नसेल तर नवलच. आता पुण्यात औंध-बाणेरच्या हेल्थ स्टोअरमध्ये याचे डबे दिसतात, ऑनलाइन तर ढीगभर ब्रँड आहेत, आणि घरोघरी एकच प्रश्न आहे की प्यावं का?

खरं सांगायचं तर निरोगी माणसाने प्यायला तर फारसं काही बिघडत नाही, थोडा फायदाही होऊ शकतो, पण ज्यांना हा चहा सगळ्यात जास्त सुचवला जातो, म्हणजे क्रिएटिनिन (किडनी किती नीट काम करतेय ते सांगणारा रक्ताच्या रिपोर्टमधला आकडा) वाढलेले किडनीचे पेशंट, लिव्हरवाले, पित्ताशयात खडे असलेले, त्यांनीच तो सगळ्यात जास्त टाळायला हवा. युरोपात, जिथे ही वनस्पती पिढ्यानपिढ्या वापरली जाते, तिथल्या औषध नियामक संस्थेने हे स्पष्ट लिहून ठेवलंय. आपल्याकडे येता येता मेसेजमधून नेमकी तेवढीच ओळ गळाली. म्हणून जरा सविस्तर लिहितोय.

हे झाड आहे तरी कुठलं

डँडेलियनचं शास्त्रीय नाव टॅरॅक्सॅकम ऑफिसिनेल. थंड हवेची वनस्पती आहे, युरोप-अमेरिकेत लॉनमध्ये तण म्हणून उगवते, जमिनीलगत दातेरी पानं, मधून पोकळ देठ, त्यावर एकच पिवळं फूल आणि नंतर त्या फुलाचा पांढरा गोल पिसारा जो फुंकर मारली की उडतो. देठ मोडला की दुधासारखा चीक येतो. आपल्या देशात ती हिमालयाच्या पट्ट्यात आढळते, काश्मीरमध्ये तिची पानं हंद नावाने भाजी म्हणून खातात, बाळंतिणीला मुद्दाम करून घालतात. हिंदी पट्ट्यात हिला दुधल म्हणतात.

पुण्यात ती सहजासहजी उगवत नाही. हे मुद्दाम सांगतोय कारण तळजाईवर किंवा वेताळ टेकडीवर जे लहानसं पांढरट-पिवळं फूल आणि पिसाऱ्याच्या बिया दिसतात ते डँडेलियन नसून बहुतेक वेळा आपली कंबरमोडी असते, काही लोक तिला एकदांडी म्हणतात, काही दगडीपाला. लहानपणी खरचटल्यावर हिचाच पाला चोळून लावलेला असतो अनेकांनी. ती वेगळी वनस्पती आहे, ती उकळून डँडेलियन टी म्हणून पिऊ नका. पाथरी नावाची रानभाजीही दिसायला बरीच जवळची, तिलाही चीक असतो, पण तीही वेगळी.

डँडेलियनचं कूळ मात्र आपल्या ओळखीचं आहे. सूर्यफूल, शेवंती, झेंडू, सगळे याच कुळातले. चिकोरीसुद्धा. आपल्याकडे फिल्टर कॉफीची पावडर घेताना दुकानदार विचारतो ना की चिकोरी किती टाकू, तीच चिकोरी. भाजलेल्या डँडेलियनच्या मुळांची कॉफी म्हणून जी पावडर विकतात तिची चव चिकोरीच्या इतकी जवळ जाते ती याच नात्यामुळे. म्हणजे याचा एक चुलत भाऊ आपण कित्येक वर्षं गाजावाजा न करता पितोच आहोत.

कपात नेमकं काय उतरतं

मेसेजमध्ये व्हिटॅमिनची मोठी यादी असते आणि ती यादी खोटी नाहीये. १०० ग्रॅम कच्च्या डँडेलियनच्या पानांत साधारण १८७ मिलिग्रॅम कॅल्शियम, ३ मिलिग्रॅम लोह, ३९७ मिलिग्रॅम पोटॅशियम, ३५ मिलिग्रॅम व्हिटॅमिन सी, आणि भरपूर व्हिटॅमिन ए आणि के असतं. पालेभाजी म्हणून ती उत्तमच आहे.

पण आपण भाजी खात नाही आहोत, वाळलेल्या पानांचं पाणी पितोय. व्हिटॅमिन ए आणि के तेलातुपात विरघळतात, पाण्यात जवळजवळ उतरत नाहीत. व्हिटॅमिन सी वाळवताना आणि उकळताना बरंचसं जातं. आणि मुख्य म्हणजे मात्रा. टी बॅगमध्ये दीड-दोन ग्रॅम वाळलेला पाला असतो. त्यातलं कॅल्शियम सगळंच्या सगळं पाण्यात आलं असं धरलं तरी ते एका वाटी दह्याच्या जवळपासही जाणार नाही. त्यामुळे व्हिटॅमिनसाठी हा चहा प्यायचा असेल तर मेथीची जुडी स्वस्त आणि कितीतरी जास्त कामाची.

मग पाण्यात उतरतं काय? पोटॅशियम उतरतं, ते पाण्यात सहज विरघळतं. काही कडू द्रव्यं उतरतात, चहाची ती कडसर चव त्यांचीच. क्लोरोजेनिक अ‍ॅसिडसारखी काही अँटिऑक्सिडंट उतरतात, जी आपल्या साध्या कॉफीतही असतात. आणि मुळांचा चहा असेल तर थोडं इन्युलिन. इन्युलिन म्हणजे एक प्रकारचा विरघळणारा फायबर, जो आपल्याला पचत नाही पण आतड्यातल्या चांगल्या बॅक्टेरियांना खायला मिळतो. थंडीच्या आधी काढलेल्या मुळात हे ४० टक्क्यांपर्यंत असू शकतं आणि वसंतात काढलेल्या मुळात २ टक्क्यांवर येतं, म्हणजे एकाच कंपनीच्या दोन डब्यांतही जमीन-अस्मानाचा फरक पडू शकतो आणि डब्यावर ते कुठेच लिहिलेलं नसतं. चिकोरीच्या इन्युलिनने पोट साफ व्हायला मदत होते असा दावा करायला युरोपात परवानगी आहे, पण त्यासाठी दिवसाला १२ ग्रॅम इन्युलिन लागतं. दोन ग्रॅम मुळांच्या कपातून एक ग्रॅमसुद्धा मिळणार नाही. त्यामुळे बद्धकोष्ठासाठी इसबगोल जास्त भरवशाचा.

फायदे कुठपर्यंत खरे आहेत

युरोपियन मेडिसिन्स एजन्सीने डँडेलियनचा वापर दोन कारणांसाठी मान्य केलाय. एक, पचनाच्या किरकोळ तक्रारी, म्हणजे पोट जड वाटणं, गॅस, जेवण हळू पचणं, तात्पुरती भूक न लागणं. दोन, लघवीचं प्रमाण वाढवून मूत्रमार्ग धुतला जावा म्हणून, तेही लघवीच्या किरकोळ तक्रारींत इतर उपचारांच्या जोडीला.

इथे एक गोष्ट समजून घ्या. ही मान्यता पारंपरिक वापर या सदराखाली आहे, आणि त्या सदरात यायला ती गोष्ट किमान ३० वर्षं वापरात असावी लागते, त्यातली १५ वर्षं युरोपियन युनियनमध्ये, आणि वापर सुरक्षित वाटायला हवा. मोठ्या चाचण्यांमधून परिणाम सिद्ध झालाय असा त्याचा अर्थ होत नाही. आपल्याकडे जेवणानंतर बडीशेप-ओवा खातात ते ज्या दर्जाचं ज्ञान आहे साधारण त्याच दर्जाचं हे, आणि मी ते कमी लेखत नाहीये, कडू चवीने लाळ आणि पाचक रस सुटतात हे तर आपल्याही अनुभवाचं आहे. गुढीपाडव्याला कडुलिंब आणि एरवी कारलं-मेथी ताटात असते ती उगाच नाही.

लघवी वाढण्याबद्दल थोडासा पुरावा आहे. १९७४ साली उंदरांवर प्रयोग झाला होता आणि पानांच्या अर्काने त्यांची लघवी चांगलीच वाढली होती, पण त्यांना दिलेला डोस वजनाच्या मानाने खूपच मोठा होता. माणसांवरचा जो अभ्यास सगळीकडे सांगितला जातो तो २००९ सालचा, १७ जणांवर, एका दिवसाचा. पानांचा अर्क तीन वेळा दिला, पहिल्या डोसनंतरच्या पाच तासांत लोक जास्त वेळा लघवीला गेले, दुसऱ्या डोसनंतर प्यायलेल्या पाण्याच्या तुलनेत बाहेर पडणारं पाणी वाढलं, तिसऱ्या डोसनंतर काहीच फरक नाही. आणि तुलनेसाठी खोटं औषध दिलेला दुसरा गट नव्हता. म्हणजे सुरुवात म्हणून ठीक आहे पण यावरून किडनी सुधारते वगैरे म्हणायला काहीही आधार नाही.

आणखी एक फायदा आहे ज्याच्याबद्दल कोणी फारसं बोलत नाही. यात कॅफिन नाही, दूध नाही, साखर नाही. ज्या माणसाचे दिवसाला चार-पाच कप गोड चहा होतात त्याने त्यातले दोन कमी करून हा घेतला तर रोजची चार चमचे साखर वाचली आणि रात्रीची झोपही थोडी सुधारली. महिनाभराने हलकं वाटलं तर त्यातलं बरंचसं श्रेय न घेतलेल्या साखरेचं आहे. गवती चहाने किंवा नुसत्या आल्याच्या पाण्यानेही हेच होईल.

लघवी जास्त होते म्हणजे किडनी साफ होते ना?

सगळा गोंधळ इथेच आहे, म्हणून जरा थांबून बघू.

किडनीचं काम दोन भागांत आहे. रक्त गाळून त्यातला कचरा वेगळा करायचा, आणि पाणी, मीठ, पोटॅशियम यांचं प्रमाण नीट ठेवायचं. क्रिएटिनिन हा स्नायूंच्या रोजच्या कामातून तयार होणारा कचरा आहे, किडनी तो बाहेर टाकते, गाळणी खराब झाली की तो रक्तात साठतो, म्हणून रिपोर्टमध्ये आकडा वाढतो. आता मूत्रल पदार्थ, म्हणजे लघवी वाढवणारे पदार्थ, हे काय करतात तर पाणी जास्त बाहेर पडू देतात. गाळणीला ते हात लावत नाहीत. पावसाळ्यात खडकवासल्यातून विसर्ग वाढवला, भिडे पूल पाण्याखाली गेला, म्हणून पर्वती जलकेंद्रातून आपल्या नळाला येणारं पाणी जास्त शुद्ध झालं असं आपण म्हणतो का? पाणी किती सोडलं हा एक विषय आणि पाणी किती गाळलं हा दुसरा.

डँडेलियनने क्रिएटिनिन कमी होतं हे दाखवणारी माणसांवरची नीट केलेली चाचणी नाही. याउलट युरोपियन एजन्सीच्या सूचनेत लिहिलंय की किडनी निकामी होत असलेल्या, डायबिटीस असलेल्या आणि हार्ट फेल्युअर असलेल्या लोकांनी हे टाळावं, कारण रक्तातलं पोटॅशियम वाढण्याचा धोका आहे.

पोटॅशियमचं काय एवढं? रक्तात ते लिटरमागे साधारण ३.५ ते ५ मिलिमोल या पट्ट्यात असावं लागतं आणि हृदयाचे ठोके नीट पडणं त्याच्यावर अवलंबून आहे. निरोगी किडनी जास्तीचं पोटॅशियम आरामात बाहेर टाकते, आजारी किडनीला ते जमत नाही. आणि वाढलेलं पोटॅशियम बऱ्याचदा काहीच त्रास न देता वाढतं, मग एकदम हृदयाची लय बिघडते. त्यात किडनीच्या आणि बीपीच्या पेशंटला जी औषधं नेहमी असतात, टेल्मिसार्टन, रॅमिप्रिल, स्पायरोनोलॅक्टोन, ती स्वतःच पोटॅशियम थोडं वाढवतात. डॉक्टर हे माहीत असून देतात आणि म्हणूनच मधूनमधून रक्त तपासायला सांगतात. त्यात मधेच न सांगता एक नवीन चहा आला की हिशोब बिघडतो.

एका कपात किती पोटॅशियम असतं? वाळलेल्या पानात ते वजनाच्या साधारण ३ ते ४ टक्के धरलं तर दोन ग्रॅमच्या टी बॅगमध्ये ६० ते ८० मिलिग्रॅम. एका शहाळ्याच्या ग्लासभर पाण्यात ६०० च्या आसपास असतं. म्हणजे चुकून कोणाकडे एक कप घेतला तर घाबरून जायचं कारण नाही. पण मेसेजमध्ये एक टी बॅग नसते, तिथे मूठभर पाला उकळून दिवसातून तीनदा असं सांगितलेलं असतं. युरोपात पारंपरिक मात्रासुद्धा ४ ते १० ग्रॅम वाळलेली पानं, दिवसातून तीन वेळा, अशी आहे. १० ग्रॅम तीनदा म्हणजे ९०० ते १२०० मिलिग्रॅम पोटॅशियम. किडनीच्या पेशंटला डाएटिशियन बटाटा कापून पाण्यात भिजवून ते पाणी टाकून द्यायला लावते, केळं आणि शहाळं बंद करते, ते ज्यासाठी, तेच आपण या चहातून परत आत घालतोय. म्हणजे कमी प्याला तर उपयोग होण्याइतकी मात्रा नाही, आणि मात्रा गाठली तर धोका सुरू, किडनीच्या पेशंटसाठी यात मधली सोयीची जागाच नाही.

आमच्या घरात डायलिसिस अगदी जवळून बघितलंय. आठवड्यातून दोन-तीन वेळा, दर वेळी चार तास, आणि सगळ्या घराचं वेळापत्रक त्याच्याभोवती. त्यामुळे कोणीतरी डायलिसिस टळेल म्हणून एखादा चहा सुचवला की माणूस का पितो हे मला पूर्ण कळतं. तो हावरट किंवा अडाणी नसतो, घाबरलेला असतो. म्हणूनच असा मेसेज पुढे पाठवणाऱ्याची जबाबदारी जास्त आहे.

"पण आमच्या काकांचं क्रिएटिनिन खरंच कमी झालं"

झालं असेल. १.९ चं १.६ होणं यात खोटं काहीच नाही, पण ते कशामुळे झालं हे शोधायला हवं. क्रिएटिनिनचा आकडा स्थिर नसतो. उन्हाळ्यात पाणी कमी प्यायलं, जुलाब-उलट्या झाल्या, की तो चढतो आणि पाणी नीट घेतलं की खाली येतो. आदल्या रात्री मटणावर ताव मारला असेल तर सकाळी आकडा जास्त येऊ शकतो, कारण शिजवलेल्या मांसातलं क्रिएटिनिन थेट रक्तात येतं. जोरदार व्यायामानेही वाढतो. दुखण्यावरच्या काही गोळ्या किडनीला त्रास देतात, त्या बंद केल्या तर आकडा सुधारतो. दोन वेगळ्या लॅबमध्येही थोडा फरक येतो. आणि वयस्कर माणूस आजारपणात रोडावला, स्नायू कमी झाले, तर क्रिएटिनिन कमी तयार होतं, म्हणजे आकडा चांगला दिसतो पण किडनी तेवढीच.

आता बघा, माणूस चहा कधी सुरू करतो? आकडा वाढलेला आल्यावर. त्याच वेळी तो पथ्य सुरू करतो, पाणी नीट पितो, पेनकिलर सोडतो, डॉक्टर औषध बदलतात. महिन्याने आकडा खाली आला की नाव मात्र चहाचं होतं, कारण बाकी सगळं कंटाळवाणं आहे आणि चहाच तेवढा नवीन. ज्यांचा आकडा चहा पिऊनही वाढत गेला ते ग्रुपवर काही लिहीत नाहीत, ते हॉस्पिटलमध्ये असतात.

लिव्हर डिटॉक्सचं काय

लिव्हरमध्ये घाण साठते आणि ती धुऊन काढायला लागते ही कल्पना खूप लोकांच्या मनात बसलीये. लिव्हर स्वतःच शरीरातले नको ते पदार्थ मोडून किडनीकडे किंवा पित्तातून आतड्याकडे पाठवत असतं, चोवीस तास. फॅटी लिव्हरमध्ये लिव्हरच्या पेशींत चरबी साठलेली असते, आणि ती चहाने विरघळत नाही. ती कमी करायचा सगळ्यात खात्रीचा मार्ग वजन उतरवणं, वजनाच्या ७ ते १० टक्के कमी केलं तर सूजही उतरते असं अभ्यासांत परत परत दिसलंय. ८० किलोच्या माणसाने सहा ते आठ किलो. दारू असेल तर ती बंद. उंदरांवर डँडेलियनच्या अर्काने लिव्हरमधली चरबी घटल्याचे प्रयोग आहेत, पण उंदराला दिलेला तीव्र अर्क आणि आपला कप यात फार अंतर आहे.

डँडेलियन पित्ताचा स्राव वाढवतं असं मानलं जातं. ज्याचं पोट नुसतं जड झालंय त्याला याने बरं वाटू शकतं. पण पित्ताशयात खडा असेल आणि पित्ताचा जोर वाढून तो खडा नळीत अडकला तर रात्री दोनला इमर्जन्सीत पळायची वेळ येऊ शकते. म्हणून युरोपियन सूचनेत पित्तखडे, पित्तनलिकेत अडथळा किंवा सूज, लिव्हरचे आजार आणि चालू असलेला अल्सर, या सगळ्यांना नको म्हटलंय. म्हणजे ज्या मेसेजची सुरुवात लिव्हरचा पेशंट आहात का अशी होते तो मेसेज नेमक्या चुकीच्या माणसाला हाक मारतोय.

आणि कॅन्सरचा तो ४८ तासांवाला मेसेज?

डँडेलियनच्या मुळाने ४८ तासांत ९८ टक्के कॅन्सरच्या पेशी मरतात, हा मेसेज कित्येक वर्षं फिरतोय. याच्या मुळाशी खरं संशोधन आहे, कॅनडातल्या विंडसर विद्यापीठात मुळांच्या अर्कावर काम झालंय, आणि प्रयोगशाळेतल्या बशीत वाढवलेल्या काही प्रकारच्या कॅन्सर पेशी त्या अर्काने मेल्या हे खरं आहे. उंदरांवरही काही प्रयोग झाले.

बशीतल्या पेशीवर अर्क थेट ओतलेला असतो. माणसाने प्यायलेला चहा पोटात जातो, तिथे ॲसिड, मग आतडं, मग लिव्हर त्याची तोडमोड करतं, आणि उरलेलं पाच लिटर रक्तात मिसळून गाठीपर्यंत पोचतं तेव्हा त्याचं प्रमाण किती राहिलं हा खरा प्रश्न. बशीतल्या पेशी ब्लीचनेही मरतात आणि खूप खारट पाण्यानेही. प्रयोगशाळेत आशादायक वाटणारी बहुतेक द्रव्यं माणसापर्यंत पोचता पोचता गळतात. असं संशोधन व्हायलाच हवं, टॅक्सॉलसारखं कॅन्सरचं मोठं औषध यू वृक्षाच्या सालीतूनच मिळालंय, पण ते मिळालं म्हणजे कोणी साल उकळून प्यायलं नाही, त्यातलं द्रव्य वेगळं काढलं, मात्रा ठरवली, पेशंटवर तपासलं, आणि मग सलाईनमधून दिलं. किमो चालू असताना कोणताही काढा, चहा, कॅप्सूल सुरू करायची असेल तर आधी तुमच्या ऑन्कोलॉजिस्टला विचारा, आणि उपचार पुढे ढकलून तर अजिबात नको, कारण गेलेले महिने परत मिळत नाहीत.

नैसर्गिक आहे, नुकसान काय होणार

हा प्रश्न हमखास येतो. विषारी धोतराही नैसर्गिकच आहे. आणि गुळवेलीसारख्या आपल्या घरच्या वनस्पतीबद्दलही २०२१ मध्ये मुंबईच्या डॉक्टरांनी लिव्हरला इजा झालेल्या सहा पेशंटची नोंद प्रसिद्ध केली होती. त्यावर वाद झाला, आयुष मंत्रालयाने हरकत घेतली, चुकीची वनस्पती वापरली गेली असेल असंही म्हटलं गेलं. पण वाद काहीही असो, जे शरीरावर काम करतं ते शरीराला त्रासही देऊ शकतं, दोन्ही एकाच गुणाचे भाग आहेत. तुलनेने डँडेलियन बरंच सौम्य आहे, निरोगी माणसाला थोडी मळमळ, जळजळ किंवा जुलाब यापलीकडे सहसा काही होत नाही.

ॲलर्जी मात्र लक्षात ठेवा, आणि पुणेकरांनी तर नक्कीच. गाजरगवत, म्हणजे आपलं काँग्रेस गवत, हेही याच सूर्यफुलाच्या कुळातलं आहे, आणि भारतात त्याची पहिली ठळक नोंद १९५० च्या दशकात पुण्यातच झाली होती. त्याच्यामुळे अंगावर खाज, चट्टे येणारे कितीतरी लोक इथे आहेत. ज्या प्रकारच्या द्रव्यांमुळे काँग्रेस गवताची त्वचेची ॲलर्जी होते त्याच जातीची द्रव्यं डँडेलियनमध्येही आहेत. त्यामुळे काँग्रेस गवताचा, झेंडूचा किंवा शेवंतीचा त्रास असेल तर हा चहा नको.

औषधांच्या बाबतीत आणखी थोडं. लघवीची गोळी, उदाहरणार्थ फ्युरोसेमाइड, चालू असेल तर त्यावर परत मूत्रल चहा नको. लिथियम (मानसिक आजारावरचं औषध) घेणाऱ्यांनी तर अजिबात नको, कारण शरीरातलं पाणी-मीठ हललं की लिथियमची पातळी धोकादायक वर जाऊ शकते. वॉर्फरिन (रक्त पातळ ठेवणारी गोळी) घेणाऱ्यांनी डँडेलियनची पानं भाजी म्हणून खाऊ नयेत, व्हिटॅमिन के त्या गोळीच्या विरुद्ध काम करतं. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायकांना आणि १२ वर्षांखालच्या मुलांना पुरेशी माहिती नसल्यामुळे देत नाहीत. (काश्मीरमधली बाळंतीण हंद खाते ती भाजी म्हणून, जेवणात, तीव्र अर्क म्हणून नाही.)

ज्यांना प्यायचाच आहे त्यांच्यासाठी

तब्येत ठणठणीत आहे, कोणतीही कायमची गोळी नाही, जेवणानंतर पोट जड वाटतं किंवा फक्त कडसर चव आवडते, अशांनी दिवसातून एक-दोन कप खुशाल घ्या. डब्यावर पानं आहेत की मूळ ते बघा, दोन्हीचं काम थोडं वेगळं आहे, पानं लघवीसाठी जास्त आणि मूळ पचनासाठी. पानांवर उकळतं पाणी ओतून दहा मिनिटं झाकून ठेवायचं, मूळ मात्र चांगलं दहा-पंधरा मिनिटं उकळावं लागतं. घटकांची यादी नीट वाचा, बऱ्याच डिटॉक्स चहांत डँडेलियन नावापुरतं आणि बाकी सोनामुखी असते, तिने जुलाब होतात आणि लोकांना वाटतं शरीर साफ झालं. एफएसएसएआयचा (अन्न सुरक्षेच्या सरकारी संस्थेचा) १४ आकडी नंबर आहे का बघा. कॅप्सूल, टिंक्चर आणि काढा यांत मात्रा चहापेक्षा कितीतरी जास्त असू शकते, त्यामुळे चहाबद्दल जे सौम्य म्हटलं ते त्यांना लागू करू नका. आणि पोटाची तक्रार दोन आठवड्यांत गेली नाही तर चहा बदलत बसू नका, दाखवून या.

किडनी, लिव्हर, पित्तखडे, हार्ट, डायबिटीस यांपैकी काही असेल आणि तुम्ही आधीच हा चहा घेत असाल, तर बंद करा आणि पुढच्या रिपोर्टची वाट न बघता डॉक्टरांना फोन करा. किती दिवस, दिवसाला किती कप, पानं की मूळ, हे खरं सांगा, डबा सोबत घेऊन जा किंवा मागच्या लेबलचा फोटो पाठवा. क्रिएटिनिनबरोबर सिरम पोटॅशियमही करायचं का ते विचारा, साधी रक्ताची टेस्ट आहे, रिपोर्ट बहुतेक ठिकाणी त्याच दिवशी मिळतो. छातीत धडधड, हातापायातली ताकद एकदम गेल्यासारखं वाटणं, चक्कर, असं काही होत असेल तर मात्र टेस्टची वाट बघू नका, सरळ हॉस्पिटल गाठा.